इसिसच्या गालाखालचा घोडा

नाण्यावर दोन चित्रं एकमेकांत मिसळल्यासारखी का दिसतात, असं विचारून तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. नाणं खराब नाही, ठसा घसरलेलाही नाही. पुढे इसिस ही इजिप्तची देवी, मागे तीन कणसं आणि वर चंद्रकोर: हा इ.स.पू. 241 ते 238 च्या सुमाराचा, इटलीजवळच्या सार्डिनिया बेटावरचा प्रकार. रोमशी झालेलं पहिलं प्युनिक युद्ध हरल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या नगरराज्याने भाडोत्री सैनिकांचा पगार थकवला, आफ्रिकेत बंड पेटलं आणि लवकरच सार्डिनियातली फौजही उलटली. नाण्यांसाठी धातूचे नवे कोरे गोळे ओतत बसण्यापेक्षा हातात असलेल्या जुन्या ब्राँझच्या नाण्यांवरच नवे ठसे मारले गेले, म्हणून खालचं जुनं चित्र कुठे कुठे डोकावतं. ती जुनी नाणी बहुधा कार्थेजच्या तानित देवी आणि घोड्याच्या डोक्याची असतात.

आता एक करा. दिवा टेबलाच्या पातळीला आणा, उजेड आडवा पडू द्या आणि नाणं अगदी हळू फिरवा. कणसांच्या देठांमध्ये बारीक समांतर रेघा दिसल्या तर नाणं उलटं धरून बघा. ती घोड्याची आयाळ असू शकते. मला पहिल्यांदा घोड्याचा जबडा असा सापडला तेव्हा मी तासभर जागचा हललो नव्हतो!

एकच चित्र दोनदा उमटलं असेल तर तो दुहेरी ठोका, ती गोष्ट वेगळी. इथे खालचं चित्रच निराळं हवं.

आपल्याकडे 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या 13,000 हून अधिक नाण्यांतही क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्राचे ठसे आहेत. ती पाहिली असतील तर नजर लवकर बसेल.

आणि कृपा करून तुमचं नाणं घासू नका. जुन्या ठशाचा उंचवटा केसाएवढाच उरलेला असतो.