वणव्यात गावं जळाल्यावर काउंटीचा जमीनवापर आराखडा बदलतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि तिथेच पुन्हा घरं का बांधू देतात?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आराखडा बदलला म्हणून जुनं गाव उठवता येत नाही. आराखड्याचा जोर चालतो तो यापुढे पडणाऱ्या प्लॉटांवर आणि रस्त्यांवर. मी कॅलिफोर्नियात जमीनवापर नियोजनाचंच काम करते, म्हणून इथल्या ब्यूट काउंटीचं उदाहरण घेते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा.

8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी तिथल्या दरीत एका जुन्या वीजवाहिनीची तार टांगलेला झिजलेला लोखंडी आकडा तुटला आणि वणवा पेटला. सुसाट वाऱ्यावर तो काही तासांत पॅराडाइज गावात शिरला. 85 माणसं गेली, 18,000 हून जास्त इमारती जळाल्या. दोनच वर्षांनी दुसऱ्या वणव्यात बेरी क्रीक ही वस्ती जवळजवळ पुसली गेली. काउंटीचा 2010 मध्ये मंजूर झालेला आराखडा 2030 पर्यंतचा होता, पण ज्या घरांचा आणि माणसांचा हिशेब धरून तो केला होता, ती घरंच राहिली नव्हती. मग सगळं पुन्हा मांडून 2040 पर्यंतचा नवा 'जनरल प्लॅन' मार्च 2023 मध्ये मंजूर झाला.

आपल्याकडच्या डीपीसारखाच, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यासारखाच हा प्रकार, फक्त यात जमिनींच्या आरक्षणांपेक्षा धोरणावर भर असतो आणि झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल याचे नियम, त्या धोरणाला धरून असावं लागतं. आणखी एक, पॅराडाइजला स्वतःची नगरपालिका असल्याने त्याचा आराखडा वेगळा. काउंटीच्या हातात मगालिया, कॉनकाऊ, बेरी क्रीक अशा वस्त्या येतात.

खरी मेख रस्त्यांत आहे. पॅराडाइज डोंगराच्या सोंडेवर वसलंय, दोन्ही अंगांना खोल घळी. खाली उतरायला मुख्य रस्ते चार: स्कायवे, नील, क्लार्क आणि पेंट्झ. मगालिया त्याच्याही वर, म्हणजे तिथल्या लोकांना खाली यायचं तर पॅराडाइजमधूनच यावं लागतं. 2008 च्या वणव्यात गाव रिकामं करताना हे रस्ते तुंबले होते. त्यानंतर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे कारभार तपासणाऱ्या 19 सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आगीच्या पट्ट्यातल्या टेकड्यांवर नवी बांधकामं तूर्त थांबवा अशी शिफारस केली. काउंटीचा कारभार चालवणाऱ्या, निवडून आलेल्या सुपरवायझर मंडळाने ती फेटाळली. धोका सगळ्यांना माहीत होता, कागदावर लिहिलेला होता, आणि तरीही दहा वर्षांनी माणसं गाड्यांत अडकून मेली. हे वाचताना आजही जीव तुटतो. एक काम मात्र झालं: मगालियाच्या वरून ब्यूट मेडोज या वस्तीकडे जाणारा कच्चा रस्ता 2013 पर्यंत डांबरी करून घेतला. 2018 मध्ये बरेच लोक त्याच वाटेने सुटले.

म्हणून 2019 मध्ये राज्याने दोन कायदे केले. धोक्याच्या क्षेत्रातल्या ज्या वस्त्यांना बाहेर पडायला निदान दोन वाटा नाहीत, त्या आराखड्यात नावानिशी दाखवायच्या. आणि निकराच्या वेळी एखाद्या रस्त्यावरून किती गाड्या निघू शकतील, हेही तपासायचं. माझ्या मते, वणव्यानंतरच्या आराखड्यांमध्ये सगळ्यात मोलाचं पान हेच. बंद टोकाच्या रस्त्यांनाही राज्याची मर्यादा आहे. एक एकराहून लहान प्लॉटांच्या भागात असा रस्ता 800 फुटांच्या पुढे नेता येत नाही, 20 एकरांचे प्लॉट असतील तर मैलभर चालतो. कारण साधं आहे: बंब वर जात असतो, त्याच वेळी लोक खाली येत असतात, आणि घरं जितकी दाट तितक्या गाड्या समोरासमोर येतात.

आता, तिथेच का बांधू देतात? जमीन लोकांच्या मालकीची आहे. जळालेल्या प्लॉटवर बांधायचंच नाही असं सरकार म्हणालं, तर घटनेप्रमाणे भरपाई द्यावी लागते, आणि हजारो प्लॉट विकत घ्यायला कुठल्याच काउंटीकडे पैसा नसतो. शिवाय मगालियातले छोटे प्लॉट कित्येक दशकांपूर्वीच पाडलेले आहेत. तिथे राहणारे बरेचसे निवृत्त, बेताच्या उत्पन्नाचे. खाली चिको शहरातली घरं त्यांच्या आवाक्यात नव्हती म्हणूनच ते वर गेले होते. त्यांना "येऊ नका" म्हणणं सोपं, पण जायचं कुठे?

बांधायचंच तर नीट बांधा, याला मात्र आधार आहे. आगीच्या पट्ट्यातल्या घरांसाठी राज्याचे कडक नियम 2008 मध्ये आले: न पेटणारं छप्पर, ठिणग्या आत शिरू नयेत म्हणून झरोक्यांना बारीक जाळी, वगैरे. 2018 च्या वणव्याच्या वाटेवर असलेली 2008 नंतरची निम्मी घरं सुखरूप राहिली, आधीच्यांपैकी जेमतेम 18 टक्के. पॅराडाइजमध्ये तर उद्यानं सांभाळणारी संस्था गावाच्या कडेचे प्लॉट राजीखुशीने विकणाऱ्यांकडून घेते आहे, गावाभोवती मोकळा पट्टा राहावा म्हणून. सक्ती नाही, पैसेही मिळतात. मला हा मार्ग फार पटतो.

उरलेली माणसं खाली चिकोकडे आली, की पेच सुरू होतो. शहर आणि बदाम-अक्रोडांच्या बागा यांच्यामध्ये काउंटीने 1982 मध्ये 'ग्रीनलाइन' आखली आहे. पलीकडची माती सुपीक, तिथे घरं नकोत. टेकड्यांवर आग, सपाटीवर कसदार जमीन. मग दाटी वाढवायची ती रेषेच्या आत, शहरातच. मला हे बरोबर वाटतं, पण शेजाऱ्यांचा विरोध सगळ्यात जास्त इथेच होतो.

कुठल्याही काउंटीचा असा आराखडा जोखायचा असेल तर सुरक्षेच्या प्रकरणातला एकच वाट असलेल्या वस्त्यांचा नकाशा काढा आणि जमीनवापराचा नकाशा शेजारी ठेवा. ज्या वस्तीला एकच वाट आहे तिथेच घरांची संख्या वाढवलेली दिसली, तर जाहीर सुनावणीत उभं राहून त्याचं कारण विचारा. तिथे बोलायला कुणालाही तीनेक मिनिटं मिळतात.