शाळेचा स्लॅब गळतोय? आधी जुना कोबा फोडा

मुख्याध्यापक म्हणतील, जुन्या कोब्यावरच (पाणी अडवायला स्लॅबवर टाकलेला विटा-सिमेंटचा थर) नवा टाका, खर्च वाचेल. ऐकू नका. चार इंच विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो. 6 बाय 7 मीटरच्या वर्गावर म्हणजे आठ टनांहून जास्त बोजा, तोही आधीच गंजलेल्या सळयांवर.

जुना थर काढा, पण काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन नको, छिन्नी-हातोडाच. स्लॅबला हादरे बसता कामा नयेत. खालून हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तिथलं काँक्रीट सुटलंय. ते काढा, सळईचा गंज घासा, गंजरोधक लावा आणि पॉलिमर मॉर्टर (चिकटपणासाठी पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरा. नुसता गिलावा मारलात तर वर्षा-दोन वर्षांत खपली मुलांच्या डोक्यावर पडेल.

नव्या कोब्याला 100 ला 1 (मीटरला एक सेंटिमीटर) उतार द्या. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला, कोबा भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यात, सिमेंटची गोलाई म्हणजे गोल वाटा हवाच. आणि पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाचं तोंड! गळती बहुतेक तिथूनच होते, म्हणून ते कोब्याच्या पातळीपेक्षा खाली बसवा, वर जाळी लावा. मैदानातल्या झाडांचा पाला तिथेच अडकतो.

शेवटी पाणी 72 तास तुंबवून खालून ओल तपासा. ठेकेदाराचं अंतिम बिल त्यानंतरच. काम मेच्या सुट्टीतच संपवा.