तपास ‘स्टायमी’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे : ‘द इन्व्हेस्टिगेशन वॉज स्टायमीड बाय लॅक ऑफ एव्हिडन्स’ या वाक्यातल्या ‘स्टायमी’चा अर्थ शब्दकोशात ‘अडथळा आणणे’ असा दिलाय. मग ‘पुराव्यांच्या अभावाने तपासात अडथळा आणला’ असं म्हटलं तर चालेल का?

अर्थ कळेल, पण असं मराठी कोणी बोलत नाही. अभाव कसला अडथळा आणतोय! आपल्याकडे अडथळा आणायला सहसा कोणीतरी लागतं, आणि त्याचा काहीतरी हेतू असतो. ‘स्टायमी’ला हेतू असला तरी चालतो, नसला तरी चालतो. याचं मूळ शोधायला गोल्फच्या मैदानावर जावं लागतं.

दोन खेळाडूंचा सामना आहे. दोघांचे चेंडू खळग्याजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर आलेत. तुमचा चेंडू मागे, खळगा पुढे, आणि बरोबर मधल्या रेषेत प्रतिस्पर्ध्याचा चेंडू येऊन बसलाय. आज अशा वेळी तो चेंडू जिथे होता तिथे खूण ठेवून उचलतात. पूर्वी तशी सोय नव्हती. दोन चेंडूंमधलं अंतर ६ इंचांच्या आत असेल तरच उचलायचा, नाहीतर तुम्ही आणि तुमचं नशीब. चेंडू वळवून न्या किंवा त्या आडव्या आलेल्या चेंडूवरून उडवून पलीकडे टाका. या कोंडीचं नाव ‘स्टायमी’. काही वेळा ती मुद्दाम केलेली असे, बऱ्याचदा चेंडू घरंगळत तिथे येऊन थांबलेला असे. १९३० साली सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश अमॅच्युअर या गोल्फ स्पर्धेत अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्सने इंग्लंडच्या सिरिल टॉलीला हरवलं, ते १८ खळग्यांत बरोबरी झाल्यावर १९व्या खळग्यावर, आणि ते याच स्टायमीमुळे. १९५२च्या नियमांत ही भानगड कायमची काढून टाकली. खेळातून गेली, भाषेत मात्र राहिली. कारण एकोणिसाव्या शतकात गोल्फपुरतं असलेलं हे क्रियापद विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बाहेरच्या कामांना लागू झालं होतं. (शब्दाची व्युत्पत्ती पक्की नाही. जवळजवळ काहीच न दिसणं अशा अर्थाच्या एका स्कॉट्स शब्दाशी त्याचं नातं जोडतात, पण तो तर्क आहे.)

आता मूळ वाक्य. इथे वाट अडवणारा कोणी नाही, वाटच नाही. म्हणून मी ‘अडवणे’ सोडून ‘अडणे’ घेईन : ‘पुराव्यांअभावी तपास अडला.’ बोलताना ‘तपासाचं घोडं पुराव्यापाशी अडलंय’ हे तर फारच चपखल. ‘खुंटला’ही चालेल, मात्र त्यात आता पुढे काही होणार नाही असा सूर येतो. ‘रखडला’ नको. रखडलेलं काम कूर्मगतीने का होईना, चालू असू शकतं. ‘खोळंबला’ म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबला. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा असेल तर तो शब्द योग्य.

कर्ता माणूस असला की गोष्ट बदलते. विरोधकांनी विधेयक ‘स्टायमी’ केलं, तर ‘खोडा घातला’ किंवा ‘मोडता घातला’ म्हणा. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. गंमत अशी की अडथळ्याचंच दुसरं इंग्रजी क्रियापद ‘इम्पीड’ हेही लॅटिनमधल्या पायावरून आलंय, पायात बेडी घालण्याच्या अर्थाने. तेव्हा ‘खोडा’ खरा ‘इम्पीड’चा भाऊ, पण म्हणून ‘स्टायमी’साठी वापरायला हरकत काहीच नाही.

‘थ्वॉर्ट’शी मात्र गल्लत करू नका. ‘थ्वॉर्ट’ म्हणजे बेत हाणून पाडणं, कट उधळून लावणं. तिथे विषय संपला. ‘स्टायमी’त चेंडू अजून मैदानात आहे, उडवता आला तर पुढे जाईल. ‘हॅम्पर’ आणि ‘हिंडर’ त्याहून सौम्य : काम चालू आहे, पण जाच होतोय.

आणखी एक वापर राहिला. एखादं गणित किंवा कोडं माणसाला ‘स्टायमी’ करतं, तेव्हा ‘तिथे माझी गाडी अडली’ एवढं पुरे. अडथळा, प्रगती, अवरोध यांतला एकही शब्द आणू नये.

वाक्यरचनेचं थोडक्यात : क्रियापद सकर्मक आहे, पण इंग्रजीत ते बहुतेक वेळा कर्मणी रूपातच भेटतं, म्हणजे अमक्याकडून ‘स्टायमीड’ झालं असं. मराठीत ते ‘कडून’ किंवा ‘द्वारे’ जसंच्या तसं उतरवू नका. ‘मुळे’ किंवा ‘अभावी’ लावून क्रियापद अकर्मक करून टाका. उच्चार ‘स्टायमी’, जोर पहिल्या अक्षरावर, ‘स्टिमी’ नव्हे.