वाचकांचे प्रश्न : गंधाच्या कुप्या आणि वाइनचा पेला

प्रश्न : मुलीने फ्रान्सहून ५४ लहान कुप्यांचा गंधसंच आणून दिला आहे. गेले तीन आठवडे मी रोज संध्याकाळी त्या ओळीने हुंगतो आणि आता बहुतेक नावे बरोबर येतात. परंतु वाइनच्या पेल्याला नाक लावले की द्राक्षे आणि दारू यांपलीकडे काही जाणवत नाही. माझे काय चुकते? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा झाँ लनुआर यांनी १९८१ मध्ये बाजारात आणलेला ‘ल ने द्यु व्हँ’ हा संच असावा. आपल्या पत्रातला ‘ओळीने’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. रोज त्याच क्रमाने कुप्या उघडल्या की नाकापेक्षा स्मरणशक्तीच जास्त काम करते. लिंबानंतर पपनशी येणार हे ठाऊक असल्यावर गंध ओळखण्याची गरजच उरत नाही. त्यामुळे एका वेळी पाच-सहाच कुप्या घ्याव्यात, त्या घरातल्या कोणाकडून उलटसुलट करून घ्याव्यात आणि क्रमांक पाहण्याआधी नाव कागदावर लिहावे. प्रत्येक कुपी दोन-तीन वेळा हलकेच हुंगून बाजूला ठेवावी, कारण एकाच गंधाला नाक फार लवकर सरावते. संध्याकाळची वेळही सोयीची नाही. त्या वेळी घरात उदबत्ती आणि फोडणी या दोन्हींचा वास भरलेला असतो. सकाळी न्याहारीपूर्वीची वेळ उत्तम.

आता पेल्याविषयी. कुपीत एकच गंध सुटा मिळतो, तर वाइनमध्ये शेकडो बाष्पशील द्रव्ये एकत्र असतात. डेव्हिड लेंग या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या प्रयोगांतून असे दिसले, की मिश्रणातले तीन-चारांहून अधिक गंध सरावलेल्या माणसालाही वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून ‘यात काय काय आहे?’ असे पेल्याला विचारू नये. ‘यात ढोबळी मिरची आहे का?’ असा एकच प्रश्न घेऊन जावे. ढोबळी मिरची मी मुद्दाम निवडली, कारण आपण नाशिकचे आहात आणि तिथली सोव्हिन्यों ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, आपल्याला सहज मिळेल. ढोबळी मिरचीला तिचा हिरवा वास देणारी मेथॉक्सीपायराझीन वर्गातली संयुगे या द्राक्षातही असतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्या प्रमाणातही ती नाकाला जाणवतात. द्राक्षे कोवळी असताना तोडली तर हा वास उग्र असतो, घड उन्हात पिकले की तो ओसरतो. याच वाइनमध्ये पुष्कळदा पेरूचाही वास येतो, कारण तिच्यातले एक गंधकयुक्त संयुग पेरूतही आढळते. आपल्याला लहानपणापासून ओळखीचा असलेला पेरू मात्र त्या ५४ कुप्यांत नाही!

कुपी आणि पेला यांच्यामध्ये एक पायरी लागते, ती घरीच बांधता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या गंधांचे शब्द गोलात मांडणारे चक्र प्रसिद्ध केले. त्यातल्या शब्दांसाठी त्यांनी नमुने तयार केले ते साध्या वाइनमध्ये प्रत्यक्ष पदार्थ घालून. आपणही एखादी स्वस्त, फारसा वास नसलेली पांढरी वाइन चार पेल्यांत थोडी थोडी ओतावी. एकात ढोबळी मिरचीचा नखाएवढा तुकडा, दुसऱ्यात एक लवंग, तिसऱ्यात पेरूची पातळ फोड घालावी आणि चौथा पेला तसाच ठेवावा. पेले बशांनी झाकून पंधरा-वीस मिनिटांनी तुकडे काढून टाकावेत आणि न पाहता पेले ओळखावेत. चौथ्या पेल्याशी तुलना करताना जो फरक नाकाला कळतो, तोच पुढे खऱ्या वाइनमध्ये शोधायचा असतो.

संचातल्या हॉथॉर्न, लिंडेन, ब्लॅककरंट या युरोपीय फळझुडपाची कळी अशा कुप्या मी सरळ बाजूला ठेवायला सांगेन. जे फूल आपण कधी पाहिले नाही, त्याच्या वासाला जोडायला मनात काहीच नसते. आयुष्यात ब्लॅककरंट न चाखलेली माणसे टिपणात ‘ब्लॅककरंट’ लिहितात, त्याची मला नेहमी गंमत वाटते. आमसूल, धने, गूळ, ओले गवत असा आपलाच शब्द सुचला तर तोच लिहावा. धन्यांचा वास तर उगाच येत नाही : मस्कत जातीच्या द्राक्षांतले लिनालूल हे द्रव्य धन्यांतही मुख्य असते. वेलची किंवा दालचिनीच्या बाबतीत तर कोणत्याही कुपीपेक्षा मिसळणाचा डबा अधिक विश्वासू आहे.

आणखी एक. डोळे नाकाला फसवतात. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. रंग दिसू नये म्हणून महागडे काळे पेले मिळतात, पण निमुळत्या तोंडाचा स्टीलचा स्वच्छ गडूही चालेल. तांब्या-पितळेचे भांडे मात्र नको, वाइन आंबट असते.

प्रश्न : शिराझ वाइनमध्ये सगळ्यांना काळ्या मिरीचा वास येतो, मला अजिबात येत नाही. माझे नाक बोथट आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. शिराझमधल्या मिरीच्या वासाचे कारण रोटंडोन हे संयुग आहे, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. तेच संयुग काळ्या मिरीतही असते. त्यांच्याच चाचणीत सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना ते पाण्यात बरेच जास्त घालूनही जाणवले नाही. आपल्या जेवणातली मिरी तिखट लागते ती पायपरिनमुळे, त्यामुळे ही उणीव स्वयंपाकघरात कधी लक्षात येत नाही. नेट लावून हुंगण्याने येथे फारसे काही साधणार नाही. जांभळाची छटा, धूर, व्हॅनिला यांकडे लक्ष द्यावे. व्हायोलेटच्या फुलांचा वासही सर्वांना सारखा येत नाही, तेव्हा ज्यांना मिरी कळते त्यांनाही कुठे ना कुठे अडतेच.

प्रश्न : बाटली बिघडली आहे हे वासावरून कसे ओळखावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दमट पुठ्ठा किंवा पावसात भिजलेल्या जुन्या वर्तमानपत्रासारखा वास येत असेल आणि फळांचा वास दबला असेल, तर बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या संयुगाचा संशय घ्यावा. ते प्यायल्याने अपाय होत नाही, पण वाइनची चव मात्र राहत नाही. अशा दोषांसाठी १२ कुप्यांचा वेगळा संच मिळतो. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष क्वचितच आढळतो. बुचाची बाटली असेल तर नुसते बूच हुंगून निर्णय करू नये. पेल्यात थोडी ओतून, पाच मिनिटे थांबून पुन्हा हुंगावी. हा वास वाढत जातो. नुकत्याच उघडलेल्या बाटलीतला गंधकाचा किरकोळ वास तेवढ्यात बहुधा उडून जातो.