केळकर संग्रहालय दोन तासांत बघून होतं का? नऊ वर्षांची मुलगी कंटाळेल का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय दोन तासांत उरकेल का, सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तरीची आई आहे, मुलगी कंटाळणार तर नाही ना. दोन तास पुरतात, पण सगळं बघायचं ठरवलं नाही तरच. आणि मुलगी कंटाळेल की नाही ते तुमच्या आईवर अवलंबून आहे. असं का म्हणते ते सांगते.

मी पहिल्यांदा गेले ती शाळेच्या सहलीत. रांगेत, हाताची घडी घालून, तासाभरात सगळे मजले. मस्तानी महाल तेवढा लक्षात राहिला. कोथरूडच्या मूळ महालाचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केलाय. बाकी काचेमागे नुसतं पितळ आणि लाकूड दिसलं.

दुसऱ्यांदा गेले ती सात-आठ वर्षांपूर्वी, माझ्या आत्याबरोबर. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरची, वाईच्या वाड्यात वाढलेली. माझी लेकही होती, तुमच्या मुलीएवढीच. एका फणेरपेटीपुढे आत्या थांबली ती हलेचना. लेकीला ती नक्षीची लाकडी पेटी वाटत होती. आत्या म्हणाली, "अगं, झाकण उघडलं की आत आरसा. हा खण फणीचा, हा करंड्याचा, आणि ही बारकी डबी मेणाची." मेण कशाला? तर कुंकू कोरडं असायचं, ते नुसतं टिकत नसे. आधी कपाळावर बोटाने मेणाचा ठिपका द्यायचा, मग त्यावर कुंकू दाबायचं, आणि कडा कोरून गोल करायची. हे आत्याने माझ्या लेकीच्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं. त्यानंतर लेक प्रत्येक कपाटापुढे "आणि हे कशाला?" विचारत सुटली. वस्तूखालच्या पाटीवर नाव आणि काळ एवढंच मावतं. हात कसा फिरायचा ते माणसानेच सांगावं लागतं. तुमच्याकडे ते माणूस आहे.

म्हणून माझा सल्ला, तीन-चारच प्रकार निवडा. अडकित्ते अजिबात चुकवू नका. पोपट, घोडे, माणसांच्या जोड्या, काय काय आकार आहेत! सुपारी फोडायचं अवजार ते, दोन दांड्या आणि एक पातं. एवढ्यावर भागलं असतं. पण रोज दहा वेळा हातात येणारी वस्तू देखणी असावी असं कुणाला तरी वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आईला विचारा त्यांच्या घरी पानाचा डबा होता की चंची. डबा, त्यातलं चुनाळं, काताची डबी हा बैठकीतला थाट. कमरेला खोचलेली कापडी चंची शेतात राबणाऱ्याची. पान तेच, पण ते कुठून निघतं त्यावरून घर कळायचं.

मग वज्री. अंघोळीला पाय घासायची. तळाला खरखरीत रेघा, आणि वर मूठ म्हणून हत्ती नाहीतर मोर. मुलांना ही फार आवडते, कारण ओळखता येत नाही आणि सांगितल्यावर हसू येतं.

तिसरे दिवे. समई, लामणदिवा आणि निरांजन मुलीला माहीत असतील, पण देवाजवळचे म्हणून. तिला एवढंच सांगा की रॉकेल आणि वीज येण्याआधी रात्रीचा उजेड हाच होता: करडईचं नाहीतर एरंडेल तेल, एक वात, आणि ती काजळली की काडीने पुढे सारायची. तेल महाग, म्हणून दिवेलागणीनंतर घरातली सगळी एका उजेडाभोवती जमायची. संग्रहालयात विजेचा लख्ख उजेड असतो, त्यात हे डोळ्यांसमोर आणायला जरा वेळ लागतो, तो द्या.

नावातल्या "राजा"बद्दल मुलगी विचारेलच, कारण सगळ्यांना तो कुठल्या संस्थानचा राजा वाटतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे कवी, "अज्ञातवासी" या नावाने लिहायचे. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला घेतल्या आणि पुढे पत्नी कमलाबाईंच्या साथीने आयुष्यभर तेच केलं. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचं नाव दिलं, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वस्तू २०,०००च्या वर आहेत, मांडलेल्या २,५००च्या आसपास. लोक ज्या काळात असलं सामान मोडीत घालत होते त्या काळात हा माणूस विळ्या, खोवण्या आणि कुलपं जपून ठेवत होता. मला याचं अजून भरून येतं.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालयही कुणी तुम्हाला सुचवेल. तेही जरूर बघा, पण ते वेगळं आहे. तिथे बलुतेदार, शेतकरी, पाणवठ्यावरच्या बाया असे सिमेंटचे हुबेहूब पुतळे कामात गुंतलेले दिसतात. मोकळ्यावर आहे, मुलं रमतात. तिथे माणसं दिसतात, इथे त्यांनी खरोखर हाताळलेल्या, झिजलेल्या वस्तू. आई सोबत आहे तर मी आधी इथेच आणेन.

जिने चढावे लागतात, तेव्हा आईंना मधे मधे टेकू द्या. बाजीराव रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळणं कठीण. मंडई मेट्रो स्थानकावरून रिक्षा करा, चालत गेलात तरी फार लांब नाही. वेळ आणि तिकीट बदलत असतं, निघण्याआधी विचारून घ्या. आणि सकाळी उघडल्या उघडल्या पोहोचा. एकदा सहली आल्या की अडकित्त्यांच्या कपाटापुढे आईला निवांत उभं राहता येत नाही.