ओउलूला ६जीवर डॉक्टरेट करायला निघण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात ई अँड टीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) एमटेक, नंतर बेसबँड सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे रेडिओ संदेशांवर अंकीय प्रक्रिया करणाऱ्या भागात, तीन वर्षं नोकरी. फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात ६जीवर डॉक्टरेट करायची जागा मिळण्याच्या बेतात आहे. विषय सब-टेराहर्ट्झ, म्हणजे १०० गिगाहर्ट्झच्या वरचे दुवे. नवराही सोबत येणार. जावं का, आणि जायचं तर तयारी काय करावी?

जागा चांगली आहे, यात शंका नको. ओउलूचं वायरलेस संशोधन केंद्र १९९५ पासूनचं. तिथला '६जी फ्लॅगशिप' कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, आणि ६जीवरची पहिली श्वेतपत्रिका २०१९ मध्ये तिथूनच निघाली. नोकिया, कीसाइट, बिटियम या कंपन्या आणि व्हीटीटी ही सरकारी संशोधन संस्था, सगळे त्याच दोन लाख वस्तीच्या गावात. पण 'फ्लॅगशिप' या नावावर भुलू नका. त्याचा निधी २०१८ ते २०२६ असा आठ वर्षांचा होता आणि तुमची डॉक्टरेट चार वर्षांची. म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न हा विचारा: माझा पगार कोणत्या प्रकल्पातून निघणार आणि तो प्रकल्प कोणत्या महिन्यात संपतो? करार बहुतेकदा आधी दोन वर्षांचा असतो आणि नंतर वाढवतात. वाढवायला पैसे कुठून येणार, याचं उत्तर मार्गदर्शकाला आज देता आलं नाही तरी निदान योजना सांगता यायला हवी. विचारायला संकोच करू नका. तिथे असा प्रश्न कुणी उद्धटपणा समजत नाही, उलट न विचारणाराच कच्चा वाटतो.

आता विषयाकडे. मला खरी काळजी इथेच वाटते.

२०१९-२० मध्ये ६जी म्हटलं की सगळे १०० ते ३०० गिगाहर्ट्झबद्दल बोलत. आज वारं फिरलंय. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आयएमटी-२०३० ची, म्हणजे ६जीची, चौकट मंजूर केली. ३जीपीपीत, म्हणजे मोबाइलची मानकं लिहिणाऱ्या संघटनेत, रिलीज (आवृत्ती) २० मध्ये ६जीचा अभ्यास आणि रिलीज २१ मध्ये प्रत्यक्ष मानकं, असा क्रम आहे. पहिली व्यावसायिक जाळी २०३० च्या सुमारास अपेक्षित आहेत. २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मोबाइलसाठी जे पट्टे अभ्यासाला आहेत ते ४.४ ते ४.८, ७.१२५ ते ८.४ आणि १४.८ ते १५.३५ गिगाहर्ट्झ. शंभराच्या वरचा त्यात एकही नाही. म्हणजे तुम्ही प्रबंध सादर कराल तेव्हा ६जीचे मनोरे उभे राहत असतील, पण ते ७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतील, १४० वर नाही. कंपन्यांची भरतीही त्याच पट्ट्यांच्या कामासाठी होणार.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण 'इतक्या वरची लहर हवेत शोषली जाते' असं बरेच जण सांगतात आणि ते अर्धवट आहे. ऑक्सिजनची रेषा ११९ गिगाहर्ट्झजवळ आणि पाण्याच्या वाफेची १८३ जवळ असते. त्या सोडल्या तर १४० गिगाहर्ट्झला हवेतली घट किलोमीटरला मोजके डेसिबल, म्हणजे दहा मीटरच्या खोलीत नगण्य. खरी अडचण अँटेनाच्या आकाराची आणि प्रेषकाच्या ताकदीची आहे. १४० गिगाहर्ट्झला तरंगलांबी २.१४ मिलिमीटर, त्यामुळे एक अर्धतरंग घटक जेमतेम मिलिमीटरभर जागेतली ऊर्जा गोळा करतो.

हिशोब मांडून बघा. दहा मीटरवर मोकळ्या हवेतली घट ३.५ गिगाहर्ट्झला सुमारे ६३ डेसिबल, १४० ला ९५. प्रेषकाची ताकद ५ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डेसिबल) आणि दोन्ही टोकांना २४ डीबीआयचे (एका दिशेला ऊर्जा एकवटण्याचं माप) हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखे अँटेना, धरले तर ग्राहकाकडे (लहर घेणाऱ्या टोकाला) साधारण उणे ४२ डीबीएम पोहोचतं. १ गिगाहर्ट्झ पट्टारुंदीचा गोंगाट उणे ८४. ग्राहकाच्या यंत्राने वाढवलेला गोंगाट (नॉइज फिगर) १० डेसिबल धरला की उणे ७४. म्हणजे ३२ डेसिबल हाताशी उरले, कागदावर झकास. आता एका टोकाचा हॉर्न काढून फोनसारखा ५ डीबीआयचा अँटेना लावा. १९ डेसिबल गेले, उरले १३. मध्ये माणूस उभा राहिला की तेही गेले. बेंचवर दोन हॉर्न समोरासमोर ठेवून सुंदर आलेख काढलेले लेख पुष्कळ सापडतील. मधून माणूस चालत गेल्यावर काय होतं, तो आलेख शोधा.

याउलट ३.५ वरून ७ गिगाहर्ट्झला गेलं तर घट फक्त ६ डेसिबलने वाढते, आणि तेवढ्याच पॅनेलवर चौपट घटक बसवून ती भरून काढता येते. जुने मनोरे चालतात. ऑपरेटरला एवढंच हवं असतं.

तर सब-टेराहर्ट्झ घेऊच नका का? घ्या, पण बेतून घ्या. संवेदन म्हणजे दुव्याचाच रडारसारखा वापर, दोन स्थिर टोकांमधला बॅकहॉल (मनोरे एकमेकांना जोडणारा दुवा), किंवा हार्डवेअरच्या दोषांची प्रारूपं, यातलं काही असेल तर विषय २०३० नंतरही जिवंत राहील. 'मोबाइल वापरकर्त्यासाठी १४० गिगाहर्ट्झवर बीमफॉर्मिंग' (लहर हव्या त्या दिशेला वळवणं) एवढंच असेल तर निम्मं काम ७ ते १५ गिगाहर्ट्झवर वळवता येईल का, हे सही करण्याआधी विचारा. नवीन वेव्हफॉर्म (माहिती लहरीवर चढवण्याची रीत) शोधण्याच्या विषयापासून मात्र लांब राहा. ६जीचा पाया ओएफडीएमचाच (४जी-५जीत वापरलेल्या वेव्हफॉर्मचाच) राहणार हे जवळपास ठरल्यात जमा आहे.

तुम्ही बेसबँडवाल्या, म्हणून प्रयोगशाळेतलं थोडं सविस्तर सांगतो. १४० गिगाहर्ट्झचं मापन म्हणजे नेटवर्क अ‍ॅनालायझर (लहर पाठवून परत आलेली मोजणारं यंत्र) आणि त्याला जोडलेले दोन एक्स्टेंडर (वारंवारता वाढवणारे डबे). अ‍ॅनालायझरकडून समजा १२ गिगाहर्ट्झ जातं आणि एक्स्टेंडर त्याला बाराने गुणून १४४ करतो. गुणाकार वारंवारतेचा होतो तसाच चुकीचाही होतो. केबल जराशी वाकून १२ गिगाहर्ट्झला २ अंशांचा कलाबदल (लहरीच्या फेजचा फरक) झाला की वर तो २४ अंश दिसतो. फेज नॉइज, म्हणजे कलेची थरथर, साडेएकवीस डेसिबलने वाढतो. म्हणून कॅलिब्रेशननंतर केबलला हात लावायचा नाही. एक टोक हलवावंच लागत असेल तर केबल टेबलाला टेप लावून तिची वळणं बांधून टाकायची. यंत्रं चालू करून तासभर गरम होऊ द्यायची आणि मगच कॅलिब्रेट करायचं. सकाळी कॅलिब्रेट करून दुपारी घेतलेलं कलेचं मापन जसंच्या तसं वापरायचं नाही, शेवटी ज्ञात भार लावून सरकणं किती झालं ते तपासायचं.

११० ते १७० गिगाहर्ट्झच्या वेव्हगाइडचं (लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीचं) तोंड १.६५ बाय ०.८३ मिलिमीटर असतं. फ्लँज (नळीच्या टोकाची जोडचकती) जोडताना पिना आधी अलगद बसवा, चारही स्क्रू बोटांनी टेकवा, आणि मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडेथोडे आवळा. एक स्क्रू आधी पक्का केला की फ्लँज केसभर तिरपी बसते. मग परावर्तनात नियमित लाटा दिसतात आणि आठवडाभर लोक त्या खोलीच्या भिंतीत शोधत बसतात. तोंडात कापसाचा बोळा कधीही घालू नका, तंतू आत राहतात.

अंतराचंही भान ठेवा. १० सेंटिमीटर अँटेनाचं दूरक्षेत्र (जिथे तरंग सपाट धरता येतो तो भाग) १४० गिगाहर्ट्झला ९ मीटरच्या पुढे सुरू होतं. पाच मीटरच्या खोलीत मोजलंत तर ते निकटक्षेत्र आहे. तिथे सपाट तरंगाचं गृहीतक चुकतं, आणि तपासनीस नेमकं तिथेच बोट ठेवतात.

आणखी एक गोष्ट पुण्याहून आलेल्याच्या ध्यानात येत नाही. हिवाळ्यात बाहेर उणे वीस असताना तीच हवा आत एकवीस अंशांना तापवली की सापेक्ष आर्द्रता चार-पाच टक्क्यांवर येते. लोकरीचा स्वेटर काढला की ठिणगी दिसते. ती ठिणगी मिक्सरच्या डायोडवर पडली तर तो जातो, आणि दुरुस्तीला महिने लागतात. मनगटाचा अर्थिंग पट्टा नोव्हेंबर ते मार्च शोभेचा नसतो.

तुमच्या हातचं काम म्हणजे सॉफ्टवेअर रेडिओ (लहरीचे नमुने घेऊन बाकी काम संगणकावर करणारा रेडिओ). त्यात डेटाचं आकारमान आधी धरा. यूएसआरपी एक्स४१० हा तसलाच रेडिओ एका वाहिनीवर सेकंदाला ४९१.५२ दशलक्ष नमुने देतो, नमुन्याला ४ बाइट. म्हणजे सेकंदाला जवळपास २ गिगाबाइट. १० गिगाबिटच्या नेटवर्क कार्डाला हे झेपत नाही, १०० चं लागतं. १ टेराबाइटची डिस्क साडेआठ मिनिटांत भरते. सतत नोंद करण्याऐवजी ट्रिगर लावून तुकडे घ्या. नमुने गळू लागले तर आधी डिस्कचा लिहिण्याचा वेग आणि प्रोसेसरची वीजबचत तपासा, दोष बहुधा तिथेच असतो.

निघण्याआधी ओपनएअरइंटरफेस (मोबाइल जाळ्याचं मुक्त सॉफ्टवेअर) एकदा स्वतः उभं करा, दोन रेडिओ नसतील तर त्याच्या सिम्युलेटरवर. सियोना या एनव्हिडियाच्या वायरलेस सिम्युलेशनच्या मुक्त सॉफ्टवेअरचे धडे गिरवा. गणनेसाठी तिथे सीएससी ही राष्ट्रीय संस्था आहे, विद्यापीठातल्या संशोधकांना यंत्रं फुकट मिळतात. काजानीतला लुमी महासंगणक मोठा मोहाचा, पण त्यात एएमडीची कार्डं आहेत. कूडावर (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या पद्धतीत) लिहिलेला कोड तिथे जसाच्या तसा चालत नाही. सियोनाच्या रे-ट्रेसिंगसाठी (लहरींच्या वाटा काढण्याच्या गणनेसाठी) एनव्हिडियाची कार्डं असलेली सीएससीची दुसरी यंत्रणा मागा.

आता कागदपत्रं. डॉक्टरेटला शुल्क नाही. नोकरीचा करार असेल तर संशोधक म्हणून निवास परवाना मागा, विद्यार्थी म्हणून नाही. अर्ज 'एंटर फिनलंड' या सरकारी संकेतस्थळावर भरतात. त्यातच फिनिश ओळखक्रमांक हवा अशी खूण करायची सोय असते, ती चुकवू नका. तो क्रमांक परवान्यासोबत आला तर पुढची गाठ सैल होते. क्रमांकाशिवाय बँक दारात उभी करत नाही, आणि बँकेच्या कोडशिवाय तिथे बहुतेक सरकारी संकेतस्थळांवर लॉगिन करणंही अवघड जातं. पोहोचल्यावर डीव्हीव्ही या लोकसंख्या नोंदणी कार्यालयात पत्ता आणि वास्तव्याची नगरपालिका नोंदवायची, आणि लगेच करखात्याकडून टॅक्स कार्ड (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा कागद) घ्यायचं. पहिल्या पगाराआधी ते दिलं नाही तर साठ टक्के कापून घेतात. परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात भाडं आणि डिपॉझिट द्यायचं असताना ते परवडत नाही. पगार सुरुवातीला अडीच हजार युरोच्या आगेमागे, हातात दोन हजारांच्या आसपास.

लग्नाच्या दाखल्यावर राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) इथूनच करून न्या. तिथून करवायला कुरिअर आणि घरच्यांची धावपळ. पासपोर्टवरचं आणि दाखल्यावरचं नाव एकाच स्पेलिंगात आहे का ते आधी बघा. माहेरचं-सासरचं नाव, मधलं नाव आणि आडनावाचा क्रम यावरून आपल्याकडच्या अर्जांचा खोळंबा नेहमी होतो. कुटुंबाच्या परवान्यावर यजमानांना नोकरीची मुभा मिळते, मात्र एका पगारात दोघांसाठीची उत्पन्नाची अट बसते का ते मिग्री या स्थलांतर कार्यालयाच्या तक्त्यात ताडून पाहा. यजमान सॉफ्टवेअरमध्ये असतील तर इंग्रजीवर भागतं. हिशोबनीस, शिक्षक किंवा नर्स असतील तर फिनिशशिवाय दार उघडणं अवघड. पोहोचल्या महिन्यातच वर्गात नाव घालायला सांगा.

घरासाठी पीसोआस या विद्यार्थी गृहसंस्थेकडे करार हाती येताच अर्ज टाका, डॉक्टरेटवाल्यांनाही ती घरं मिळतात. ऑगस्टमध्ये रांग लांब असते, जमल्यास रुजू व्हायची तारीख जानेवारी किंवा मेची मागा. काइयोनहार्यू भाग लिनानमाच्या कॅम्पसला चालत जाण्याजोगा. जुनी सायकल घ्या आणि ऑक्टोबर संपायच्या आत निदान पुढच्या चाकाला खिळ्यांचा टायर लावून घ्या. पहिल्या बर्फानंतर दुकानात नंबर लागत नाही. जाड कोट मात्र पुण्यातून नेऊ नका, तिथेच जुन्या कपड्यांच्या दुकानातून घ्या.

जुलैमध्ये अख्खं विद्यापीठ सुट्टीवर जातं. मापनाची यंत्रं तेव्हा मोकळी असतात, पण बिघडली तर दुरुस्तीला माणूस नसतो. मार्गदर्शकाकडून काही सही किंवा अभिप्राय हवा असेल तर जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत मागून घ्या.