आरएक्स १०० रेसला घालायची म्हणतोयस? एफडी मोडायच्या आधी बोअर मोज

बेळगावजवळच्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यातनं एका वाचकाचा मेसेज आलाय. वय २७, उद्यमबागेत मशिन शॉपला नोकरी, हातात २४,००० पगार. घरी वडिलांची १९९४ची यामाहा आरएक्स १०० आहे, कागद सगळे चालू. सोसायटीत (पतसंस्थेत) २,५०,०००ची एफडी आहे, ५ महिन्यांनी मुदत संपते, पैसे घराच्या स्लॅबसाठी ठेवलेत. डर्ट रेसचा नाद लागलाय. कोल्हापूरचा एकजण रेससाठी तयार केलेली आरएक्स १,६०,०००ला देतोय, तिला आरएक्स १३५चा ब्लॉक (मोठा सिलेंडर) बसवलाय. प्रश्न असा की एफडी मोडून ती घेऊ की वडिलांचीच गाडी कापून तयार करू, आणि परदेशात व्हिंटेज मोटोक्रॉसला (जुन्या गाड्यांच्या मातीवरच्या रेसला) १०० सीसीच्या गाड्या पळतात तशी आपली पण टिकेल का.

भावा, पैशाचं नंतर बघू, आधी क्लासचं, म्हणजे गाडी रेसच्या कुठल्या गटात बसते त्याचं बघू, कारण पैसे तिथंच बुडतात. छोट्या गाडीला मोठ्या गाडीपुढं टिकायचं नसतंच, तिला तिच्याच मापाच्या गाड्यांत उभं राहायचं असतं. अमेरिकेतल्या व्हिंटेज रेसिंगच्या संघटनेचा, आहर्माचा नियम असाय की जुन्या क्लासमध्ये १९७४ पर्यंतच्या डिझाइनचीच गाडी पाहिजे, आणि सस्पेन्शन पुढं ७ इंच, मागं ४ इंच याच्यावर हलायला नको. होंडाची सीआर १२५ एल्सिनोर किंवा होडाकाची १०० सीसीची गाडी तिथं पळते ती या हिशोबानं. आरएक्स १०० आपल्याकडं आली १९८५ला, त्यामुळं गाडी कितीही जुनी दिसली तरी त्या क्लासात बसत नाही. युरोपात ट्विनशॉक म्हणून क्लास असतो, तिथं सालापेक्षा बांधणी बघतात, मागं दोन शॉक, ड्रम ब्रेक, हवेवर थंड होणारं इंजिन. हे सगळं आरएक्सला आहे, पण समोर मोटोक्रॉससाठीच जन्मलेल्या गाड्या असणार. सीआरला ६ गिअर, आपल्या आरएक्सला ४. तिकडच्या रेस बघून इथला खर्च ठरवू नको.

इथं तुला आयोजकाचं रेग्युलेशन वाचायचंय, आणि त्यात सीसीची लिमिट कशी लिहिलीय तेवढं नीट बघ. आता कागद पेन घे. आरएक्स १००चा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी, म्हणजे ९८.२ सीसी. एकदा बोरिंग करून (झिजलेला सिलेंडर आतनं थोडा मोठा करून) ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकला की ९९.२ होतात. दुसऱ्यांदा ०.५० टाकला की १००.१. झालं, १०० सीसीच्या क्लासातनं गाडी बाहेर, जर नियमात बोरिंगची सूट लिहिलेली नसेल तर! वडिलांची गाडी ३० वर्षं चाललीय, तिचं बोरिंग एकदा तरी झालंच असणार. आणि ती कोल्हापूरची? १३५चा ब्लॉक म्हणजे बोअर ५८, सरळ १३२ सीसी. लिमिट १३० लिहिलेली असली तर २ सीसीनं ती वरच्या क्लासात जाते आणि तिथं तिचं काहीच चालणार नाही. विकणारा हे सांगणार नाही. तू मशिन शॉपला आहेस, बोअर गेज तुझ्या हातात रोज असतंय, हेड काढून स्वतः मोज, वर, मधे आणि खाली, तीन ठिकाणी. पिस्टनच्या डोक्यावर साइज कोरलेली असते ती पण बघ.

टिकेल का म्हणशील तर आखूड, वळणाच्या ट्रॅकवर टिकेल. स्टॉकमध्ये ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळं वळणातनं वेग न सोडता बाहेर पडणारा पोरगा भारी ठरतो, आणि स्वतःचं ८ किलो वजन कमी केलं तर ते पोर्टिंगच्या (सिलेंडरची भोकं घासून ताकद वाढवायच्या) खर्चापेक्षा जास्त काम करतंय, फुकटात. मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दात मोठं टाक. पण पावसानंतर निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत गाडी घातली तर नॉबी (मोठ्या गुठळ्यांच्या) टायरात चिखल भरून चाकच जड होतंय, आरपीएम पडले की टू-स्ट्रोकचा दम जातो आणि ४ गिअरात तो परत धरायला वेळ लागतो. तिथं मोठ्या इंजिनवालाच पुढं जाणार.

आता पैसे. कोल्हापूरची गाडी घेऊ नको असं माझं स्पष्ट मत आहे. एमएच ०९ची गाडी इकडं कायमची ठेवायची तर तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स, परत नंबर, आणि इंजिन-फ्रेम बदललेली गाडी आरटीओत उभी करणार कशी? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीनं दिलेल्या मूळ बांधणीत असा बदल चालत नाही. म्हणजे १,६०,००० देऊन तू फक्त टेम्पोत घालून न्यायची वस्तू घेणार, आणि ती विकायची वेळ आली की गिऱ्हाईक फक्त रेसवालाच.

वडिलांची तर कापूच नको रे. कागद चालू असलेली, न कापलेली आरएक्स हीच आज तुमच्या घरातली वाढत्या किमतीची वस्तू आहे. आमच्या थोरल्या भावानं म्हैसूरला बनलेली येझदी अशीच फ्रेम कापून तयार केली होती, दोन सीझन पळाली, मग टाकी एकीकडं, इंजिन एकीकडं, शेवटी किलोवर गेली. आज तशी गाडी लोक शोधत फिरतात. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

मग मधला रस्ता असा. बोअर क्लासात बसत असेल तर याच गाडीला फक्त बोल्टनं लागणारं आणि बोल्टनं निघणारं काम कर, टायर, हँडल, स्प्रॉकेट, हेडलाइट काढणे. निघालेला एकेक पार्ट पोत्यात बांधून माळ्यावर ठेव. वडिलांना आधी विचार, गाडी त्यांची आहे. हेल्मेट, बूट, गुडघ्याचे आणि छातीचे गार्ड धरून ४५,०००चं बजेट धर, एवढे पैसे महिन्याला ६,००० बाजूला टाकून ८ महिन्यांत होतात. स्लॅबच्या पैशाला हात नको. उलट मुदत संपली की ते सोसायटीतनं काढून बँकेत ठेव, कारण बँकेच्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीला तो नाही.

आणि पडलास तर? गाडीच्या पॉलिसीत रेसिंग बसत नाही. तुझा पगार २१,०००च्या वर गेला म्हणजे बहुतेक ईएसआय (सरकारी कामगार विमा) पण सुटली असणार, एचआरला विचारून घे. मेडिक्लेममध्ये धोकादायक खेळाचं कलम असतंय, कंपनीला मेल टाकून लेखी उत्तर घे, एजंटचं तोंडी चालणार नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं तर दीड महिना मशिनवर उभं राहता येत नाही, म्हणजे ३६,००० पगार गेला, दवाखाना वेगळा. म्हणून पहिल्या हिटच्या (रेसच्या फेरीच्या) आधी ३ महिन्यांचा घरखर्च बँकेत पाहिजे, तोपर्यंत नुसती प्रॅक्टिस पण नको.

रविवारी हेड उघडून माप घे. ५०.२५ पर्यंत आलं तर रेग्युलेशनचं पान आणि मापाचा फोटो मला पाठव, कुठला क्लास भरायचा ते बघू. ५०.५० किंवा त्याच्या वर आलं तर यंदा एंट्री फी भरू नको, आधी आयोजकाकडनं बोरिंगच्या सुटीचं लेखी घे.